प्लग काढल्यावर

१

आमच्या साडूला मी सायलेन्सर म्हणतो. ह्या माणसाला शिंक आली तर तो बाहेर जाऊन शिंकून येतो. घोरतसुद्धा नाही. थोरली, म्हणजे त्याची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, सांगते की अधूनमधून ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघते, आहेत का गेले.

मला लोक भोंगा म्हणतात. जन्मभर मी लाऊडस्पीकर भाड्याने दिले. सभा असो, लग्न असो, सायकलची शर्यत असो, गावभर जो आवाज गेला तो माझ्या तारेतून गेला. शाळेने चौथीतच माझा नाद सोडला, कारण गुरुजींच्या आवाजात मी शेजारच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. नकला म्हणजे माझा हातखंडा. डॉक्टर, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचा वकील, सगळे माझ्या घशात राहतात. सायलेन्सर तर पहिल्यापासून. एकदा त्याच्या आवाजात थोरलीला फोन केला, "जेवायला थांबू नकोस, मी भोंग्याकडे बसलोय. माणूस फार हुशार आहे." ती म्हणाली, "ठेवा फोन, भोंगेबुवा. आमचे हे असं मेले तरी म्हणणार नाहीत." आवाज तिने पकडला नाही हं. मजकूर पकडला.

हसून घेतलंत? आता पुढचं ऐका. मी ह्या साडूवर जळतो. साधंसुधं नाही, ओल्या लाकडासारखं. जाळ कमी, धूर फार.

कारण त्याचा अँप्लिफायर. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करता करता ह्याने फावल्या वेळात घरी एक अँप्लिफायर बांधला. कसला, तर घूं नसलेला, म्हणजे चालू केला की मागे गुणगुण राहते ती नसलेला. बटण पूर्ण फिरवा, स्पीकरला कान लावा, काही नाही. विहिरीत वाकून बघावं तशी शांतता. माझ्या उभ्या आयुष्यात मी घूंशिवाय भोंगा ऐकला नाही. घूं म्हणजे आमच्या धंद्यात जिवंतपणाची खूण. पण माझी बायको रोज दुपारी भांडी आवरली की मागच्या गल्लीत बहिणीकडे जायची आणि त्या शांततेसमोर बसायची.

ऐकायची काय? स्वतःला.

२

लग्नाआधी माझी बायको गायची. मी ते कधी ऐकलं नाही. लग्न ठरलं आणि झालं ह्यांच्या मधेच तिचा घसा बिघडला. ऑपरेशन झालं. जीव राहिला, गाणं गेलं. तेव्हापासून ती बोलते ती कागदावर कागद घासल्यासारखी. मी त्याची नक्कल कधी केली नाही. माझ्या खात्यात एवढं पुण्य जमा आहे.

तिचा जुना आवाज उरला फक्त एका कॅसेटवर, आणि ती कॅसेट होती साडूच्या घरी. तिथेच रेकॉर्ड झाली, तिथेच राहिली. गाणंसुद्धा पुरं नाही. कोणीतरी दार वाजवतंय, आतून बाई म्हणते आहे, "दार उघडते मी, आधी सांग…" आणि खट्. टेप संपली.

आता सांगा, बायको माझी, आणि तिचा चांगला आवाज दुसऱ्याच्या कपाटात. ह्याला काय म्हणायचं?

"घरी आण की ती कॅसेट," मी म्हटलं. "आपल्याकडे काय भोंग्यांचा दुष्काळ पडलाय?"

"तुमच्या डब्यातून घूं येतं," ती म्हणाली. "त्यात मी बुडते."

"सायलेन्सरकडे तरंगतेस होय?"

"तिथे मी खोलीत असते." मग माझं तोंड बघून तिला हसू आलं. "एवढे जळता कशाला? कानांतून धूर निघतोय."

ती हसली की कानाची पाळी चाचपते. डाव्या पाळीची चीर बुजलेली नाही. मुलगी लहान असताना तिने कानातलं ओढलं, पाळी फाटली, दोन भाग झाले. मी त्याला नाटकाचा पडदा म्हणतो. मुलगी आता संसाराला लागली दूर, पडदा तेवढा उघडाच आहे.

मी ठरवलं, स्वतः बांधायचा. आणि असा बांधायचा की बायको घरी बसली पाहिजे.

३

गेलो साडूकडे. शत्रूकडे जाताना हात हलवत जावं, म्हणजे तो चहा पाजतो.

"साडूभाऊ, अँप्लिफायर बांधतोय."

त्याने चष्मा पुसला. हे त्याचं आश्चर्य.

"सर्किट कुठलंही घ्या," तो म्हणाला. "सप्लाय नीट निवडा. आवाज सर्किटचा नसतो, सप्लायचा असतो. सर्किट नुसतं दार उघडतं, झाकतं. आत येतं ते सप्लायमधून."

वर्षाचं बोलणं त्याने एका दमात संपवलं. मग त्याने मला टेबलावर वीज पुरवायच्या तीन वस्तू दाखवल्या. एक होता आजकालचा स्विचिंगवाला सप्लाय, बिस्किटाच्या डब्यासारखा हलका. दुसरा गोल ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या तारेचा गुबगुबीत, अंगठीसारखा. तिसरी साधी गाडीची बॅटरी. "घूं भिंतीतल्या विजेतून येतं," तो म्हणाला. "बॅटरीला भिंत माहीत नाही. बॅटरी लावा."

म्हणजे ह्याने सांगितलं तर मी बॅटरी लावणार? ह्याच्या डोक्याने वाजणारा डबा माझा कसा? घरी येताना भंगारवाल्याकडे वळलो.

भंगारवाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडे एका कोपऱ्यात पोत्यावर तो ट्रान्सफॉर्मर होता. काळा, चौकोनी, पाटावरवंट्याएवढा जड. वर ना कंपनीचं नाव, ना आकडे. सहा तारा बाहेर, सगळ्या एकाच रंगाच्या.

"कशातून काढलास रे?"

"आला होता," तो म्हणाला. "घेऊन जा. तो ठेवल्यापासून कुत्रं ह्या कोपऱ्यात झोपत नाही."

"तुझं कुत्रं तरी सायलेन्सरपेक्षा बरं, नापसंती तोंडाने सांगतं."

"सांगत नाही ना," भंगारवाला म्हणाला. "त्याचंच तर नवल. भुंकणंच बंद झालंय त्याचं."

मी हसलो आणि ट्रान्सफॉर्मर खांद्यावर टाकला. आमच्या धंद्यात वजनाला मान आहे. जड असेल तो चांगला, एवढंच आम्ही शिकलो.

४

जेवणाच्या टेबलावर कारखाना उघडला. बायको ताट मांडीवर घेऊन जेवली, तक्रार नाही. उलट वाकून वाकून बघायची.

"हे डबे कसले?"

"कपॅसिटर. विजेच्या टाक्या समज. नळाचं पाणी गेलं तरी टाकीत थोडं असतं ना, तसं. म्हणून प्लग काढल्यावरही अँप्लिफायर एखादं अक्षर बोलतो, मग गप्प होतो."

"तुमच्यासारखा. विषय संपला तरी चालूच."

फोडणी अशी की माझ्याच हातातली सोल्डरिंगची कांडी बोटाला लागली.

सहा तारांतल्या कुठल्या कुठे, हे मी मीटर लावून शोधलं. ठिणगी नाही, धूर नाही. माझ्या हातून पहिल्याच फटक्याला काही चालू झाल्याचं मला आठवत नाही. हे झालं. कॅसेट तिने आणली होती, पदरात गुंडाळून. टेपरेकॉर्डर जोडला, बटण पूर्ण फिरवलं आणि स्पीकरच्या कापडाला कान लावला.

काही नाही.

घूं नाही, खरखर नाही. आता बघा, मी कमी शिकलेला असेन, पण तारेचा माणूस आहे. भंगारातला लोखंडी ठोकळा, माझी गबाळी जोडणी, अर्थिंग नळाच्या पाइपला, आणि घूं नाही? भांडं पडायला हवं होतं तिथे भांडं पडलं नाही की माणूस जसा कान टवकारून थांबतो तसा मी थांबलो. मग स्वतःलाच म्हटलं, अरे, जमलं असेल. आयुष्यात एकदा जमतं माणसाला.

कॅसेट लावली. बायकोचा आवाज खोलीत आला.

काय सांगू. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी समोर उभी राहून गात होती. श्वास घेते तो कळत होता, ओठ मिटते ते कळत होतं. आणि माझी बायको खुर्चीत, हात गळ्याशी, डोळे बंद. "दार उघडते मी, आधी सांग…" खट्.

"भावोजींच्या इथल्यापेक्षाही…" ती म्हणाली.

सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ऐटीत भिंतीतले दोन्ही प्लग ओढले. "सांग…" अँप्लिफायर म्हणाला. अगदी बारीक. टाकीतलं पाणी.

पण टेप तर संपली होती. टाकीत वीज असते. शब्द कसा असेल?

म्हटलं, प्रतिध्वनी असेल. भिंती ताज्या रंगवल्यात.

५

बायकोचं मागच्या गल्लीत जाणं बंद झालं. थोरलीने निरोप पाठवला, धाकटी आजारी आहे का? माहेरी माझ्या बायकोला सगळे धाकटी म्हणतात. मी उलटा निरोप धाडला, आजारी नाही, घरी आहे, काही लोकांच्या बायका घरी असतात. सायलेन्सर म्हणे चष्मा पुसत राहिला. किती गोड वाटलं म्हणून सांगू.

पण गोड फार टिकत नाही, दात किडतात.

प्लग काढल्यावर उरायचं ते वाढत गेलं. आधी अक्षर, मग शब्द, मग ओळ. टेपची चाकं थांबलेली, हिरवा दिवा विझलेला आणि ती आपली म्हणते आहे, "दार उघडते मी…" मी बायकोला सांगायचो, टाक्या मोठ्या आहेत. ती मान हलवायची. दोघांनाही पटायचं नाही, दोघंही ऐकायचो.

आणि मला दुसरंच ऐकू यायला लागलं. तिच्या आवाजाच्या मागे कुणीतरी होतं. खुर्ची करकरते. कुणी पुरुष घसा खाकरतो, हळूच, मुलीचं गाणं मोडू नये म्हणून. आणि ओळ म्हणताना ती हसते. तोंडाने नाही, आवाजात. बाई तसं हसते ती माणूस बघून, भिंत बघून नाही.

"रेकॉर्ड करताना खोलीत कोण होतं ग?" मी विचारलं. भाजी निवडत होतो, म्हणजे विषय किरकोळ आहे असं वाटावं.

"भावोजी. मशीन त्यांचंच."

"आणि?"

"आणि कोण असणार?"

"मग हसत होतीस कुणाकडे बघून? कुणासाठी म्हणत होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती पाळी चाचपत बारीक हसली. "ओळखा," ती म्हणाली. "सगळ्या गावाला कोडी घालता ना? ओळखा."

तिचा आवाज इतका पडला होता की शेवटचा शब्द मी ओठांवरून वाचला. मी म्हटलं, हवा बदलली असेल.

सायलेन्सर माझ्या डोक्यात खुर्ची टाकून बसला.

६

त्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिजने हुंदका देऊन मान टाकली, टेपरेकॉर्डर गळा आवळल्यासारखा झाला आणि थांबला. सगळ्या घराला कसं कळतं बघा, एकदम. कळलं नाही ते एकट्या अँप्लिफायरला. तो गातच होता.

मी हसून बायकोकडे पाहिलं, काहीतरी चावट बोलणार होतो. तेवढ्यात ती ओळ आली, "दार उघडते मी, आधी सांग…" खट् झालं नाही.

"…कोण आहेस?" ती म्हणाली.

सूर लावून, पुरा. आणि थांबली. गाणं संपल्यासारखी नाही. विचारून उत्तराची वाट बघावी तशी.

बायकोचा चेहरा उतरला. तिने मला जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं. "पुढचं मी तेव्हा म्हटलं होतं," ती म्हणाली. "पण टेप संपल्यावर. हे कशावरच नाहीये."

"मग?"

"भावोजींना दाखवा. आत्ता घेऊन जा त्यांच्याकडे."

संपलं. दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं असतं तर मी तो डबा डोक्यावर घेऊन निघालो असतो. मी म्हटलं, "माझ्या डब्याचं नाक त्याला शिंकरू देणार नाही. माझं मी बघतो."

ती काहीतरी बोलली. ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. कापडाच्या आत कुणीतरी सुस्कारा सोडला, तो मात्र स्वच्छ ऐकू आला.

तिला आत नेऊन पलंगावर निजवलं. थकली होती. मग बाहेरच्या खोलीत येऊन मी पहिलं काम केलं, भिंतीतला प्लग काढला. दुसरं, वायरच कापली, म्हणजे वीज परत आली तरी डब्याला रस्ता नको. तिसरं काम आमच्यातला कच्चा पोरगाही करतो. स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि टाकीच्या दोन टोकांवर आडवा ठेवायचा. उरलेली वीज ठणकन ठिणगी मारून मरते. डोळे मिटून ठेवला.

ठिणगी नाही. दुसऱ्या टाकीवर ठेवला. नाही. मीटर लावला, काटा जागचा हलला नाही. टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या.

आणि समोर ती विचारत होती, "कोण आहेस?"

साडूचं वाक्य आठवलं, आत येतं ते सप्लायमधून. मग आता कुठून येतंय? हा प्रश्न शहाण्या माणसाने तिथेच धरून ठेवला असता. मी सोडला. कारण मला दुसरा प्रश्न जास्त चावत होता. ही वाट कुणाची बघतेय?

७

आता एक धंद्याचं गुपित सांगतो. भोंगा आणि माईक ही सख्खी भावंडं. स्पीकरच्या पडद्यासमोर बोललात तर तोही ऐकतो, उलटी तार जोडून मी सभेत भोंग्याचाच माईक केलेला आहे. तेव्हा जे बोलेल ते ऐकेलही, हे मला ठाऊक होतं.

मी गुडघ्यावर बसलो. कापडाला कान लावायला वाकलो, आणि थबकलो.

कापडावर एक आकार आला होता. आतून. पातळ कापड कशावर तरी ताणलेलं. बाहेरची गोल कड, आतली वळी, मधला खळगा. कान होता. डावा. मी बाहेरून लावणार होतो तसाच कुणीतरी आतून लावला होता. आणि पाळी अखंड होती. पडदा फाटलेला नव्हता.

मागे सरायचं माझ्या पायांच्या मनात आलं होतं, माझ्या आलं नाही. माझ्या मनात काय आलं असेल? पाळी फाटायच्या आधीची आहे. माझ्या आधीची. हिला मी माहीतच नाही. मग हिच्याकडून खरं कळेल.

"कोण आहेस?" कापड हललं.

ह्या प्रश्नाला एक सोपं उत्तर होतं. मी आहे ग. भोंगा. तुझा नवरा होणार आहे. एवढं म्हणायला काय लागत होतं? पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या आवाजात दारं वाजवली, त्याला स्वतःचा आवाज ऐनवेळी सापडत नाही. मी घसा खाकरला, अगदी हळू, त्याच्यासारखा. आणि सायलेन्सरच्या आवाजात म्हटलं, "धाकटे, मी आहे. भावोजी. ये."

बघू, येते का.

कान मागे गेला. कापड सपाट झालं. आत दूरवर कडी काढल्याचा आवाज आला.

"आले," ती म्हणाली.

मग डबा गप्प झाला. साडूच्या अँप्लिफायरसारखा गप्प.

८

स्वयंपाकघरात कुणीतरी गात होतं.

मी आधी निजायच्या खोलीत डोकावलो. पलंग रिकामा, चादरीवर अंगाचा खळगा. म्हटलं, उठली, बरं वाटतंय. पण गातेय? तो आवाज भिंतीला लागून परत येत होता, ओट्याला लागत होता, भांड्यांत घुमत होता. डब्यातला आवाज असा घुमत नाही. तो अंगातून येणारा आवाज होता.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. लुगडं तेच, अंबाडा तोच, करडा. चहाचं आधण ठेवत होती. मला हर्ष झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "अगं."

वळली नाही.

"अगं, ऐकलंस का? आवाज आला तुझा."

वळली नाही. गाणं चालूच. उजेड खिडकीतून तिच्या डाव्या कानावर पडला होता. बघायचं नाही म्हणता म्हणता मी बघितलं. पाळी गुळगुळीत होती, नुकत्या मळलेल्या कणकेसारखी, भोकसुद्धा नव्या सुईचं.

मी काय केलं? माझ्या हातात जे येतं तेच केलं. साडूच्या आवाजात हाक मारली. "धाकटे."

गाणं थांबलं. मान अर्धी वळली. मी पटकन जमिनीकडे पाहिलं, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही, आणि अजून मी तो पाहिलेला नाही. "हो भावोजी," ती म्हणाली. "टेप संपली ना? पुन्हा घेताय का? ह्या खेपेला पुरं म्हणते."

आणि बाहेरच्या खोलीतून, कापलेल्या वायरीच्या डब्यातून, कागदावर कागद घासल्यासारखं कुणीतरी म्हणालं, "अहो."

९

आता मी बाहेरच्या खोलीतच बसतो. खुर्ची कापडाला टेकून.

ती आत आहे आणि माझ्याशी बोलते. फार नाही. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं. "ओळखलंत का?" विचारलं. मी म्हटलं, नाही.

"तुमच्यासाठी होतं हो," ती म्हणाली. "लग्न ठरत होतं. ताई म्हणाली, मुलगा लाऊडस्पीकरवाला आहे, त्याला तुझा आवाज पाठवू. समोर तुमचा फोटो ठेवला होता. त्यात तुमचे कान केवढे मोठे आलेत. म्हणून हसू येत होतं. मग टेप संपली. अर्धं गाणं काय द्यायचं, पुन्हा पुरं घेऊ म्हटलं, तर घसाच…"

मी कानांवर हात ठेवले. मोठेच आहेत.

आता मी रोज कापडाशी तोंड नेऊन म्हणतो, "मी आहे ग. मीच आहे. भोंगा. ये." माझ्याच आवाजात. पण ती विचारतच नाही. विचारणारी निघून गेली, दार उघडून. ही नुसती आत आहे. तिथे काय आहे असं विचारलं तर म्हणते, "घूं नाहीये कुठेच." आणि थोड्या वेळाने, "अहो, बोलत राहा."

बोलत राहतो. मी गप्प बसलो की ती विझत जाते, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. बोललो की वर येते. सगळ्या नकला करून झाल्या. वकील केला, डॉक्टर केला, भंगारवाला आणि त्याचं मुकं कुत्रं केलं. एकेक करून त्या संपतात. परवा पोस्टमन काढायला गेलो, घशात पोस्टमन नव्हता. काल गुरुजी गेले. टाकीची पातळी मला आता बोट न बुडवता कळते.

स्वयंपाकघरातली मला काही मागत नाही. चहा ठेवते, गाते, उघड्या दाराकडे कान देऊन थांबते. तिच्यासाठी साडूचा आवाज तेवढा मी राखून ठेवला होता. आज तोही डब्यात गेला.

आणि आजच दुपारी दार वाजलं. सायलेन्सर इतकं हळू वाजवतो की पाहुणा आला की पाल पडली ते कळू नये.

"धाकटे, आहेस का घरी?" बाहेरून आवाज आला. "ताईला काळजी लागलीय तुझी."

स्वयंपाकघरात चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

त्याला ओरडून सांगायचं होतं, साडूभाऊ, पळा. निदान, ही तुमची नाही हो, माझी आहे, ती डब्यातलीही माझीच. तोंड उघडलं. कागदावर कागद घासला.

"अहो," कापडाच्या आतून आलं, अगदी टोकाचं, दिवा विझण्याआधी फडफडतो तसं.

माझ्याजवळ एका खेपेपुरताच आवाज होता. दाराकडे टाकायचा की आत?

पावलं स्वयंपाकघरातून निघाली, माझ्या पाठीमागून गेली. तरण्या पायांची पावलं. "आले, भावोजी."

"साडूभाऊ, आत आहात ना?" सायलेन्सर दाराबाहेरून विचारत होता. एरवी दोन शब्द न बोलणारा, आजच बोलायला लागला होता. "शेवटी सप्लाय कुठला लावलात, ते सांगितलंच नाहीत."

सांगितलं असतं. मी तोंड कापडाला लावलं होतं, आणि आवाज तिथे लागत होता.